चार पॉइंट एकच्या पुढे

ट्रेडमिल घरात आली त्या दिवशी शिट्टीबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या. दोन हमालांनी ती तिसऱ्या मजल्यावर चढवली, मुलाने तासाभरात जोडली आणि प्लगची सोय एकाच कोपऱ्यात असल्यामुळे तिचं तोंड भिंतीकडे आलं. भिंतीवर बघण्यासारखं म्हणजे एक स्विचबोर्ड. त्यावर चार बटणं, त्यातलं एक कशाचंच नव्हतं.

"बघ आई, वेग इथे, चढ इथे, नाडी इथे," मुलगा सांगत होता. "ही लाल चावी कपड्याला अडकवायची. तोल गेला की चावी निघते आणि पट्टा थांबतो."

मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. मशीनवर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास होता.

"कौतुक आहे," शिट्टीबाई म्हणाल्या. "लोकांना वर-खाली नेतोस आणि आईला जागच्या जागी पळवतोस."

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. घाण्याला जुंपायला नाही."

शिट्टीबाई एकतीस वर्षं शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. नोकरी सुटली, गळ्यातली शिट्टी सुटली, नाव मात्र चिकटून राहिलं. वय त्रेसष्ट. त्यांतली सव्वीस वर्षं त्या रोज सकाळी कालव्याच्या बांधावर धावल्या. कालव्याचं पाणी सोडायच्या दरवाज्यापासून पंपघरापर्यंतची ती पायवाट सहा किलोमीटर दोनशे मीटर आहे, हे गावात कुणाला माहीत असेल तर त्यांच्यामुळे. शाळेच्या शर्यतीसाठी त्यांनी मोजायचं चाक ढकलत ती स्वतः मोजली होती आणि दर शंभर मीटरला एक दगड चुन्याने पांढरा करून त्यावर नंबर घातला होता. मागच्या वर्षी त्या एक्केचाळिसाव्या दगडापाशी, म्हणजे चार पॉइंट एकला, कोसळल्या. पंचवीस मिनिटांनी पंपघरातल्या ऑपरेटरला दिसल्या. दोन स्टेंट बसले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, आधी घरात, ट्रेडमिलवर, कुणीतरी जवळ असताना. टेस्ट नीट आली की बाहेर.

पाच आठवडे ट्रेडमिलच्या हँडलवर टॉवेल वाळले.

सून पाणीखात्यात मीटर रीडर होती. सकाळी साडेसातला खांद्याला मशीन अडकवून निघायची आणि दिवसाला दीडशे घरं करायची. फाटक उघडायचं, आधी कुत्रा बघायचा, खड्ड्याचं झाकण उचलायचं, मीटरची काच फडक्याने पुसायची, आकडा मशीनमध्ये टाकायचा. बारा-तेरा किलोमीटर चालणं व्हायचं. त्याला ती व्यायाम म्हणत नसे, पायांची हमाली म्हणायची. तेव्हा तिच्याकडे कालव्याकडची वसाहत होती. सहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी हँडलवरचे टॉवेल काढता काढता ती म्हणाली,

"आज डबा खायला कालव्यावर बसले होते. तुमचा बारा नंबरचा दगड आहे ना, त्याला कुणीतरी चिखलाचे पाय पुसलेत. आकडा दिसत नाही."

शिट्टीबाईंनी वर्तमानपत्र खाली केलं. "साकवाच्या अलीकडचा?"

"हो. आणि साकवाची तिसरी फळी हलतेय."

"ती तीन वर्षं हलतेय." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि पुढे?"

"पुढे नाही गेले. डबा संपला."

"एवढ्यात? जेवतेस की नुसती हुंगतेस?"

"तुम्ही पट्ट्यावर थोडं चाला," सून म्हणाली. "जिथे थांबाल तो दगड मी उद्या बघून येते."

शिट्टीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. शाळेत असा चेहरा त्या धाप लागल्याचं सोंग करणाऱ्या मुलींसाठी राखून ठेवत. मग उठल्या, लाल चावी कुडत्याला लावली आणि सातशे मीटर चालल्या.

दुसऱ्या दिवशी सून दुपारी सातव्या दगडापाशी जाऊन आली. संध्याकाळी पट्टा सुरू झाला, पडद्यावर शून्य पॉइंट सात आलं आणि शिट्टीबाई म्हणाल्या, "सांग."

तिथून हीच रीत पडली. आज जिथे थांबायचं तो दगड सुनेने उद्या दुपारी बघायचा आणि उद्या संध्याकाळी आकडा तिथे आला की सांगायचं. ऐकल्यावर शिट्टीबाई आणखी थोडं पुढे जात, म्हणजे परवाची सोय होई. सुनेचं सांगणं मीटर वाचल्यासारखं असे. "डावीकडचं निलगिरीचं झाड कालव्यावर हातभर झुकलंय. पाण्याला वास आहे, शेवाळाचा, मेलेला नाही. बाकाची मधली पट्टी गेलीय." बाई त्यात दुरुस्त्या करत. "हातभर नाही, झुकलेलं ते आधीपासूनच आहे. तू पहिल्यांदा पाहिलंस." कधी अर्ध्यावर तोडून म्हणत, "वारा कुठून होता?" सुनेला वारा कधी बघावा लागला नव्हता. ती बघायला लागली.

तोपर्यंत दोघींचं बरं चाललेलं असायचं, इतकंच. भांडण नव्हतं, भांडायला लागतो तेवढाही सलोखा नव्हता. आता संध्याकाळी सहा वाजता सून स्टूल घेऊन ट्रेडमिलपासून दोन हातांवर बसे आणि नवरा आला की बाहेर चपला काढतानाच ओरडे, "कुठपर्यंत पोचली गाडी?"

"दीडवर आहे," आतून सासू सांगे. "मध्ये बोलू नकोस, सिग्नल लागतो."

तिसरा महिना संपताना खात्याने भाग बदलले. दर काही महिन्यांनी बदलतातच. एकाच गल्लीत रीडर फार दिवस राहिला की घरोघरचा भाचा होतो आणि मीटर मग हळू फिरायला लागतात, असं साहेबांचं मत होतं. सुनेला गावाच्या दुसऱ्या टोकाची टेकडी मिळाली. कालवा तिथून बसने पाऊण तास. डब्याच्या सुट्टीत जाऊन येणं शक्य नव्हतं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आज जमलं नाही, आई."

"हं," शिट्टीबाई म्हणाल्या. तीनशे मीटरवर त्यांनी लाल चावी ओढली आणि उतरल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी हँडलवर पुन्हा एक टॉवेल दिसला.

मीटर रीडरला बंद घराचं काय करायचं ते शिकवलेलं असतं. फाटकाला कुलूप असलं तर मागच्या तीन आकड्यांवरून या वेळचा काढायचा आणि पुढे "अंदाजे" असा शेरा मारायचा. सलग दोनदा चालतं. तिसऱ्यांदा प्रत्यक्ष जावंच लागतं. जुने रीडर आणखी एक गोष्ट शिकवतात, ती कुठल्या कागदावर नसते: अंदाजे आकडा कधी गोल, शून्यावर संपणारा टाकू नये. गोल आकडा साहेबाच्या डोळ्यात भरतो.

त्या संध्याकाळी, चौदा तारखेला, सुनेने टॉवेल काढला आणि म्हणाली, "आज जाऊन आले."

पडद्यावर एक पॉइंट आठ आलं.

"सांग."

"दगड जरा आत गेलाय मातीत. चार बोटं. शेजारी कुणीतरी पत्र्याचा डबा टाकलाय, निळा. पाणी मागच्याइतकंच."

"डबा उचलायचास ना."

"उद्या उचलते."

शिट्टीबाई दोन पॉइंट एकपर्यंत चालल्या.

दोनदाचा नियम तिने केव्हाच मोडला. पुढे ती त्यात तयार झाली. खरं कसं कंटाळवाणं असतं ते तिला कामामुळे ठाऊक होतं, म्हणून चार दिवस काहीच विशेष घडू द्यायची नाही आणि पाचव्या दिवशी काहीतरी बारीक टाकायची. बाकावर विसरलेली छत्री. बांधाला पडलेली भेग, वीतभर. एकदा तिने तीन पॉइंट दोनला तारेवर खंड्या बसवला.

"तिथे कुठे तार आहे?" सासूने धावता धावताच विचारलं. तोवर त्या हलक्या पायाने धावायला लागल्या होत्या.

"नवीन टाकलीय. पंपघराकडे."

"मेल्यांनी बांधावरून नेली? आणि कुणी बोललं नाही?"

त्या तारेवरून शिट्टीबाईंनी दोन दिवस वीजखात्याला शिव्या घातल्या. सून ऐकत राहिली. बसमधून घरी येताना ती आता डोळे मिटून उद्याच्या दगडाचा विचार करी आणि तिला वास येई, शेवाळाचा, मेलेला नाही. डबा खायला टेकडीवर पाण्याच्या टाकीची सावली होती; ती तिथे बसे आणि आपण कुठून तरी लांब आलो आहोत असं तिला वाटत राही.

सहाव्या महिन्यात एका मंगळवारी शिट्टीबाई चार पॉइंट एकला उतरल्या. मुद्दाम. चावी ओढली, टॉवेलने मान पुसली आणि सुनेकडे न बघता म्हणाल्या, "उद्या नीट बघून ये."

बुधवारी सून टाकीच्या सावलीत बसून राहिली. डबा तिने तसाच परत आणला. संध्याकाळी आकडा तीन पॉइंट नऊ झाला, चार झाला. बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"चार पॉइंट एक," त्या म्हणाल्या. "सांग."

"काही नाही, आई," सून म्हणाली. "गवत वाढलंय गुडघ्याएवढं. दगड झाकून गेलाय. मी हाताने बाजूला करून आकडा बघितला. इथे काही झालं असेल असं वाटतसुद्धा नाही."

पट्टा थांबला नाही. चार पॉइंट दोन, चार पॉइंट तीन. उतरल्यावर शिट्टीबाई स्वयंपाकघरात गेल्या, पाणी प्यायल्या आणि ग्लास धुऊन पालथा ठेवला. त्या रात्री अनेक महिन्यांनी त्यांनी झोपेची गोळी घेतली नाही, हे मुलाने सकाळी पाकिटातल्या गोळ्या मोजून बायकोला सांगितलं.

डॉक्टरांनी टेस्टची तारीख दिली. तिला नऊ दिवस राहिले असताना मशीनं तपासायला सगळे रीडर कार्यालयात जमले. कालव्याकडचा भाग आता एका चष्मेवाल्या रीडरकडे होता. त्याच्याकडून दोन-चार खरे तपशील काढून घ्यावेत म्हणून सुनेने त्याला चहाच्या टेबलापाशी गाठलं.

"काय रे, कालव्याचं शेवाळ काढलं का या वर्षी?"

"कुठला कालवा?"

"अरे, आपला. बांधाकडचा."

"तू गावात राहतेस ना?" त्याने चष्मा कपाळावर चढवला. "तीन महिने झाले बुजवून. मोठे पाईप टाकले, वर माती, मातीवर काँक्रीट. कडेने प्लॉट पाडलेत. तेवीस नवीन मीटर वाढलेत माझ्या डोक्याला. शेवाळ म्हणे!"

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेली. जिथे दरवाजा होता तिथे पत्र्याचं कुंपण होतं आणि एक पहारेकरी खुर्चीवर बसला होता. फटीतून सरळ, रुंद, करडा रस्ता दिसत होता. दर पन्नास मीटरला लोखंडी झाकण. साकव नव्हता, निलगिरी नव्हती. ठेकेदाराच्या खोलीमागे दगडांचा ढीग होता, त्यांतल्या काहींना एका बाजूला पांढरं लागलेलं होतं.

नवऱ्याला तिने जिन्यातच गाठून सांगितलं. तो पायरीवर बसला.

"टेस्ट होईपर्यंत गप्प राहा," तो म्हणाला. "नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"आणि दहाव्या दिवशी?"

"दहाव्या दिवशी डॉक्टर हो म्हणतीलच असं कुठाय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. "तुला त्या नापास व्हायला हव्यात."

"मला ती घरात हवीय," तो म्हणाला. "पंचवीस मिनिटं पडली होती ती. तू नव्हतीस तेव्हा दवाखान्यात. मी होतो." मग उठून पॅण्ट झटकली. "तुझं तू बघ. गोष्ट तूच सांगत होतीस."

त्या नऊही संध्याकाळी ती आकडा आला की दगड सांगत राहिली. जे नाही ते सांगणं आधी सोपं होतं, कारण ते असेल असं तिला वाटत होतं. आता शब्द मोजून पडू लागले. एकदा तिने पाणी कमी केलं.

"पाणी बरंच उतरलंय, आई. तळ दिसतोय."

"पुढे सोडलं असेल. दोन दिवसांत येईल." शिट्टीबाई न थांबता म्हणाल्या. "दर वर्षी असा घाबरवतो तो. येतो परत."

टेस्टला सून बरोबर गेली. छातीला तारा लावल्या, नर्सने पट्टा सुरू केला. दर तीन मिनिटांनी वेग आणि चढ वाढत होता. बाजूच्या दांड्याला हात लावायचा नाही, असं नर्सने सांगितलं, तेव्हा शिट्टीबाई म्हणाल्या, "मी मुलींना हेच सांगायचे. टेकू घेऊन धावणं म्हणजे दुसऱ्याच्या वहीतलं गणित." नऊ मिनिटं झाली, दहा झाली. डॉक्टर कागदाच्या पट्टीवरून बोट फिरवत गेले.

"छान. बाहेर जायला हरकत नाही. सपाट रस्ता, पहिले दिवस वीस मिनिटं, ठोके एकशे वीसच्या आत. आणि कुणीतरी बरोबर हवं."

"ही आहे ना," शिट्टीबाई म्हणाल्या आणि सुनेच्या दंडावर हात ठेवला. लग्नाला सात वर्षं झाली होती. त्यांनी तिला आपणहून हात लावल्याचं तिला आठवत नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून बूट काढायला लावले. वर्तमानपत्र पसरून बसल्या आणि जुन्या दातांच्या ब्रशने तळवे घासू लागल्या. खाचांमध्ये कालव्याची माती होती, वाळून दगड झालेली. ती कागदावर पडत होती. संध्याकाळचे साडेपाच झाले होते.

"आई," सून दारात उभी राहून म्हणाली, "कालवा नाहीये."

"म्हणजे?"

"बुजवला. पाईप टाकून वर काँक्रीट केलंय. साकव, बाक, काही नाही. कुंपण घातलंय."

ब्रश थांबला. "कधी?"

"तीन महिने झाले."

शिट्टीबाईंनी बूट खाली ठेवला. "तीन महिने तू मला रोज पाणी सांगतेयस."

"माझा भाग बदलला, आई. मी टेकडीकडे आहे. जायला जमत नव्हतं आणि तुम्ही पट्ट्यावरून उतरलात, म्हणून मी... बंद घराचं टाकतो तसं टाकत गेले. मलाही बुजवल्याचं नऊ दिवसांपूर्वी कळलं."

"कुठल्या तारखेपासून टाकतेस?"

"चौदा. एक पॉइंट आठपासून."

"डबा? निळा?"

"नव्हता."

"छत्री?"

"नाही."

"खंड्या?"

सुनेने मान हलवली. शिट्टीबाई परीक्षेचे पेपर परत तपासल्यासारख्या एकेक काढत गेल्या: भेग, तार, गवत. मग थांबल्या.

"चार पॉइंट एकला तू गेली नव्हतीस."

"नाही, आई."

"मी त्या दिवशी तिथून पुढे गेले गं," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "मला वाटायचं, तिथे माझ्या अंगाची खूण असेल. मूर्खपणा, पण वाटायचं. गवत आहे म्हणालीस, म्हणून गेले पुढे."

सुनेकडे बोलण्यासारखं जे होतं ते सगळं तिने आधीच वापरलेलं होतं. शिट्टीबाईंनी कागद गोळा केला, मातीसकट घडी घातली, पण कचऱ्यात टाकली नाही. ती हातात घेऊन त्या आपल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवायला आल्या नाहीत. मुलगा दोनदा दाराशी जाऊन आला. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, "जिवंत आहे. झोप."

सकाळी पावणेसहाला सून उठली तर त्या दारात उभ्या होत्या. बूट चढवलेले, नाड्या डबल गाठीच्या.

"मला बघायचंय," त्या म्हणाल्या. "मी तुझ्याशी बोलत नाहीये. डॉक्टरांनी कुणीतरी बरोबर हवं म्हटलंय, एवढंच."

सुनेने कामाच्याच चपला पायात घातल्या. बसमध्ये त्या वेगवेगळ्या सीटवर बसल्या. कुंपणापाशी पहारेकरी तोच होता.

"आत सोडत नाही, मावशी. काम चालू आहे."

"आत नाही यायचं मला," शिट्टीबाई म्हणाल्या. पत्र्याच्या फटीला डोळा लावून त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. सून त्यांच्या पाठीकडे बघत होती. पलीकडे रोलर उभा होता आणि त्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत होता. पाण्याचा आवाज नव्हता, पाईपमधूनसुद्धा नाही.

"साकव कुठे होता?" त्यांनी विचारलं.

सून फटीशी गेली, बघितलं. "मला नाही सांगता येत, आई."

"मलापण नाही," शिट्टीबाई म्हणाल्या. पदराने नाक पुसायची सवय असलेल्या बायका जे करतात ते करायला त्यांच्या कुडत्याला पदर नव्हता. त्यांनी बाहीने पुसलं. "सव्वीस वर्षं. डोळे बांधून सांगितलं असतं मी."

मग त्यांनी घड्याळ बघितलं, वळल्या आणि बसस्टॉपकडे न जाता रस्त्याच्या कडेने धावायला लागल्या.

पहिल्या दहा पावलांत त्यांचे हात दोन्ही बाजूंना गेले, दांडा शोधायला. फूटपाथची एक फरशी हलली, त्या अडखळल्या. सून ओरडली, "आई!"

"ओरडू नकोस!" त्या न वळता म्हणाल्या. "जमीन मागे जात नाही गं इथे. आपल्यालाच जावं लागतं. विसरले होते."

दुकानं उघडत होती. कुणी शटर अर्धवट वर करून खालून वाकून आत शिरत होतं. दुधाचे क्रेट रस्त्यावर मांडलेले होते, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सुटत होते. शिट्टीबाई क्रेटना वळसा घालून गेल्या, एका स्कूटरला हात करून थांबवलं, खड्डा बघून पाऊल लांब टाकलं. सुनेने इतके महिने त्यांना रोज पट्ट्यावर पाहिलं होतं, दोन हातांवरून. त्या तेवढ्याच राहायच्या. आता त्या लहान होत चालल्या होत्या. पाठीवरचा घामाचा डाग आधी तळहाताएवढा दिसत होता, मग रुपयाएवढा, मग दिसेना. मग तिच्या लक्षात आलं की बरोबर असायचं ते आपणच आहोत. ती चपला फटफटवत मागे धावली. दिवसाला तेरा किलोमीटर चालणारी बाई दोनशे मीटरमध्ये धापा टाकायला लागली. वर्तमानपत्रवाले हसले. "सोडू नका, ताई, पुढे पळतायत!" एक जण ओरडला.

कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला हात टेकून शिट्टीबाई थांबलेल्या होत्या. दोन बोटं गळ्याला, नजर घड्याळावर. सून पोचली तसा त्यांनी पंजा वर केला: गप्प. मोजून झाल्यावर हात खाली घेतला.

"एकशे चौदा. तुझे किती?"

सुनेला बोलता येईना. तिने कमरेत वाकून नुसती मान हलवली.

"टाचा आपटतेस. चपला बदल. उद्या या घालून आलीस तर घरी पाठवीन." त्यांनी पुन्हा घड्याळ बघितलं. "अकरा मिनिटं आहेत अजून. घरी जायला लांबचा रस्ता कुठला?"

सून सरळ उभी राहिली. या गावातल्या जवळपास सगळ्या गल्ल्या तिने फाटकाफाटकाने केल्या होत्या.

"बाजारातून गेलं तर दीड किलोमीटर. शाळेवरून गेलं तर दोनच्या वर जाईल, मध्ये चढ आहे थोडा."

"आणि ही?" त्यांनी डावीकडे बोट केलं. अरुंद गल्ली होती, दोन्हीकडे मागची दारं, पुढे जाऊन वळत होती. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.

सुनेने तोंड उघडलं आणि मिटलं.

"त्या गल्लीचं मला माहीत नाही, आई," ती म्हणाली. "माझ्याकडे कधी आलीच नाही ती."

"मग इकडूनच," शिट्टीबाई म्हणाल्या आणि वळल्या.